मावळच्या खाचरांतले शिसे, तांबे आणि लोखंड

मेटल डिटेक्टर म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र सोडून जमिनीतल्या धातूचा प्रतिसाद टिपणारे यंत्र. छंदासाठी मिळणारी यंत्रे नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत दाखवतात, म्हणजे नांगराचा फाळ फिरतो तेवढ्याच थरात. पुणे जिल्ह्यातल्या मावळात त्यांना आणखी एक अडचण येते. इथली माती बसाल्टच्या झिजेतून तयार झालेली आहे आणि तिच्यातल्या लोहखनिजाच्या कणांमुळे धातू नसतानाही यंत्र आवाज देते. तरीही भुशीपासून वडगावपर्यंतच्या भातखाचरांत शोधण्याजोगे पुष्कळ आहे, कारण इंग्रजांशी निगडित दोन मोठ्या घडामोडी याच पट्ट्यात झाल्या.

पहिली घडामोड लढाईची. रघुनाथरावांना पुण्याच्या कारभारावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज 1778 च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्याला आली. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाची मराठी मुलखाने आठवण ठेवली आणि तो ‘इष्टुर फाकडा’ झाला. 9 जानेवारीला फौज तळेगावात पोचली, तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते. दाणावैरण मिळेना, भोवती मराठी घोडदळ. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून आणि सामान जाळून इंग्रज माघारी वळले. दुसऱ्या दिवशी वडगावला ते कोंडले गेले आणि 16 जानेवारीला त्यांना तह करावा लागला.

दुसरी घडामोड रेल्वेची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम 1856 मध्ये सुरू केले आणि 1863 मध्ये ते पुरे झाले. 25 बोगदे, 37 फुटांना एक फूट असा चढ, आणि 1861 च्या सुमारास चाळीस हजारांच्या वर मजूर. पुढे वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून भुशीचे धरण बांधले गेले. आज पावसाळ्यात त्याच धरणाच्या पायऱ्यांवर पर्यटकांची झुंबड उडते.

अशा शेतांतून नाणी, गोळ्या, गणवेशाची बटणे आणि रेल्वेचे खिळे हौसेने काढण्याच्या बाजूने जे सांगितले जाते, त्यातले पहिले विधान मालकीचे असते: सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या शेतातली वस्तू त्याची. कायदा असे मानत नाही. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते. ठेवा बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व उरलेला जमीनमालकाला मिळतो. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवणाऱ्याचा वाटा मात्र जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. ‘सरकार सगळे ओढून नेते’ ही गावोगावची भीती या तरतुदींपुढे टिकत नाही. गुप्तधन काढून देतो म्हणून शेतकऱ्याला लुबाडणारे भोंदू नेमके याच भीतीवर जगतात. गुप्तधनासाठी होणारी अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून नोंदवावी लागली, ती उगीच नव्हे.

दुसरे विधान असे की इंग्रजांच्या काळातले सामान ‘प्राचीन’ नव्हे. त्याला पुरातत्त्वाचे नियम कशाला? 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांची मर्यादा धरतो. 1779 ची गोळी, 1835 चा कंपनी सरकारचा रुपया, 1863 च्या आधीचा रुळाचा खिळा, सगळेच त्या मर्यादेपलीकडचे आहेत. अशी वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. कार्ले-भाजे-बेडशाची लेणी, लोहगड आणि विसापूर ही तर संरक्षित स्थळे. तिथे परवान्याशिवाय कुदळ लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

खरा वाद मात्र तिसऱ्या विधानाशी आहे, कारण ते सद्भावनेने केले जाते. लोकांच्या विस्मरणात गेलेला इतिहास आम्ही उजेडात आणतो, असे छांदिष्ट म्हणतात. यात चूक कुठे आहे, हे शिशाच्या एका गोळीवरून स्पष्ट होते. कंपनीच्या शिपायाच्या ब्राउन बेस बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे 19 मिलिमीटर, आणि तिची गोळी त्याहून किंचित लहान. मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुका एका मापाच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या गोळ्याही लहानमोठ्या. गोळी चपटी झालेली असेल तर ती उडून कशावर तरी आदळली. वाटोळी राहिली असेल तर बहुधा भरताना हातातून निसटली. म्हणजे चपट्या गोळ्या मारा कुठे झाला ते सांगतात आणि वाटोळ्या गोळ्या शिपाई कुठे उभा होता ते. माघारी फिरलेल्या फौजेची पिछाडी कॅप्टन हार्टलेने सांभाळली, एवढे कागदपत्रांतून कळते. त्याची माणसे कोणत्या बांधाच्या आडोशाने लढली आणि मराठी स्वार कोणत्या अंगाने चालून आले, हे सांगू शकतील अशा गोळ्या खाचरांत पसरलेल्या असणार. प्रत्येक गोळीची जागा, खोली आणि वजन लिहून ठेवले तर त्यांतून रणांगणाचा नकाशा तयार होतो. त्याच गोळ्या बरणीत जमा झाल्या की उरते ते किलोच्या भावाचे शिसे. ती बरणी घेऊन नंतर कितीही विद्वान माणूस बसला, तरी गेलेला नकाशा त्याला परत मिळवता येणार नाही.

रेल्वेच्या बाबतीत नुकसान याहून मोठे आहे. बोरघाटाच्या कामाची दफ्तरे आहेत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, नवऱ्याच्या मृत्यूनंतर ठेका सांभाळणाऱ्या अ‍ॅलिस ट्रेडवेल ही नावे त्यांत सापडतात. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुणी फारशी लिहिली नाहीत. त्यांच्या वस्त्यांच्या जागी तांब्याचे पैसे, मोडकी हत्यारे, भांड्यांचे तुकडे पडलेले असतील, तर त्यांच्या जगण्याबद्दल उरलेला तो मोठा पुरावा आहे. यंत्राचा शौकीन चांदीचा रुपया खिशात घालतो आणि गंजका तुकडा बांधावर भिरकावतो. मजुरांचा इतिहास त्या फेकलेल्या तुकड्यात असतो.

वस्तू जमिनीत सडते, म्हणून काढलेली बरी, असेही म्हणतात. पुरलेला धातू मातीशी जुळवून घेतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो. बाहेर हवेत आणून, उपचार न करता ठेवलेले लोखंड नव्या जोमाने गंजू लागते. मात्र याच युक्तिवादाचा एक भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. लोणावळ्याभोवती शेते बिगरशेती होऊन बंगल्यांचे प्लॉट पडत आहेत. जेसीबीने खाचर सपाट केले की मातीबरोबर पुरावाही ट्रकमध्ये भरला जातो. तिथे ‘हात लावू नका’ एवढे सांगून भागणार नाही.

छंदाच्या बाजूने दिला जाणारा इंग्लंडचा दाखला तर उलटाच लागू पडतो. तिथे 1996 चा खजिना कायदा आहे, 1997 पासून शेतात सापडलेल्या वस्तूंच्या नोंदीची सरकारी योजना आहे, आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू ठिकाणासह नोंदल्या गेल्या आहेत. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सनी गावी रोमन नाण्यांचा साठा लागला, तेव्हा सापडणाऱ्याने सगळे उपसून न काढता पुरातत्त्वज्ञांना बोलावले. म्हणून नाणी आणि दागिने पेटीत कसे रचले होते, तेसुद्धा कळले. तिथला छंद नोंदीच्या जोरावर उभा आहे. इकडे यंत्र आयात होते, नोंदवही होत नाही.

यावर सरसकट बंदी हा काहींचा उपाय असतो. तोही चुकीचा आहे, कारण याच यंत्राने रणांगणांचा अभ्यास बदलून टाकला. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या मैदानावर 1983 च्या वणव्यात गवत जळाले. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरधारी स्वयंसेवकांना रांगेत चालवले, प्रत्येक गोळी आणि काडतूस मोजून नकाशावर घेतले, आणि एकेका बंदुकीचा मैदानावरचा प्रवास शोधून काढला. तिथे झालेल्या, अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या शेवटच्या लढाईबद्दलच्या कितीतरी ठाम समजुती त्यानंतर तपासून घ्याव्या लागल्या. हेच काम कार्ले ते वडगाव या पट्ट्यात करता येईल. पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी पुरातत्त्वाची संस्था आहे, मराठी कागदपत्रांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. भात निघाल्यावर खाचरे कोरडी आणि मोकळी असतात, तेव्हा शेतकऱ्याच्या संमतीने पाहणी होऊ शकते. यंत्र चालवणाऱ्या हौशी मंडळींचे कसब तिथे खरेच उपयोगी पडेल.

त्यासाठी कायद्यातली एक पोकळीही भरायला हवी. सोन्यानाण्यांचा हंडा लागला तर काय करायचे हे 1878 चा कायदा सांगतो. चिखलणीत वर आलेल्या एकट्या गोळीची नोंद कुठे करायची, ते सांगत नाही. पुरातत्त्व खात्याने तालुक्याला अशी नोंदवही ठेवावी. शेतकऱ्याने गट क्रमांक, शेतातली जागा आणि फोटो द्यावा, वस्तू त्याच्याच घरी राहिली तरी चालेल. बिगरशेती परवानगी देण्याआधी या पट्ट्यात एकवार पाहणी सक्तीची करावी. तोवर ज्याच्या फाळाला काही लागेल, त्याने ते घासूनपुसून लखलखीत करू नये, कुणाला विकू नये, आणि कोणत्या खाचरात, कोणत्या बांधाजवळ लागले ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे.