फाटक भक्कम, कुंपणाचे काय?

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पुण्या-मुंबईला निघालेल्या इंदूरकराच्या हातातल्या बॅगेत शेवेचे पाकीट नाहीतर लाडवांचा डबा असतोच, आणि सुरक्षा तपासणीत नेमकी तीच बॅग बाजूला निघते. यात जवानाचा आकस नसतो. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर धातू निळे दिसतात, तर बेसन, तूप, साखर असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी. पंचाईत अशी की बहुतेक स्फोटकेही नारिंगीच दिसतात, त्यामुळे दाबून भरलेल्या लाडवांच्या डब्यावर संशय येणे साहजिक आहे. मग बॅग उघडा, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, पट्टा काढा, हात पसरून उभे राहा. वैतागलेल्या प्रवाशांत दोन पक्ष पडतात. ‘हे सगळे नाटक आहे’ हा एक आणि ‘जिवासाठी एवढे सोसायलाच हवे’ हा दुसरा. माझ्या मते दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. तपासणी हवीच. पण विमानांवरचे मोठे घाले ज्या वाटांनी आले, त्यातल्या बऱ्याच वाटा या रांगेतून जातच नाहीत. आपली शिस्त, पैसा आणि चिडचिड मात्र रांगेतच खर्ची पडते.

आपल्याच इतिहासातली उदाहरणे पाहू. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने फुटले आणि 329 जण गेले. बॉम्ब सामानाच्या कप्प्यातल्या बॅगेत होता. व्हँकुव्हरला ती बॅग सोपवणारा प्रवासी विमानात चढलाच नव्हता, बॅग मात्र चढली. पुढे टोरंटोत सामान तपासणारे एक्स-रे यंत्र बंद पडले, तेव्हा हातातल्या उपकरणाने काम भागवले गेले. पुढच्याच वर्षी, 5 सप्टेंबर 1986 रोजी, मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत बळकावले गेले आणि प्रवाशांना वाचवताना त्यातली हवाई सेविका नीरजा भनोट हिने प्राण दिले. ते हल्लेखोर प्रवाशांच्या रांगेतून आलेच नाहीत. सुरक्षारक्षकांचा वेश करून, तशाच दिसणाऱ्या गाडीतून ते थेट विमानापाशी पोचले. डिसेंबर 1999 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी 814 विमानाचे अपहरण झाले ते काठमांडूहून निघाल्यावर. ते विमान अमृतसरला उतरून पाऊण तासाच्या आसपास उभे होते आणि तेवढ्या वेळात आपल्याला निर्णय घेता आला नाही. भारतातल्या रांगा कितीही कडक असत्या, तरी या तिन्ही घटना टळल्या नसत्या.

आमच्या इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर घडवून विलायतेहून आणलेले आहे. फाटक कितीही भव्य असले, तरी राखण सगळ्या आवाराची करावी लागते. विमानतळाचे आवार म्हणजे सामान चढवणारे, सफाई करणारे, जेवण पोचवणारे, इंधन भरणारे आणि त्या प्रत्येकाच्या गळ्यातला पास. सोमालियात फेब्रुवारी 2016 मध्ये एका विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला. तो लॅपटॉप विमानतळावरच्याच माणसांनी हल्लेखोराच्या हाती दिल्याचे कॅमेऱ्यात दिसले. एखादा उपाय स्वतःच नवी फट पाडतो, तेही ध्यानात ठेवायला हवे. 2001 नंतर वैमानिकांच्या कक्षाचा दरवाजा भक्कम झाला, ते योग्यच झाले. पण 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दरवाजाला आतून कडी घालून विमान डोंगरावर आदळले आणि 150 जीव घेतले. वैमानिकाच्या मनःस्वास्थ्याची चौकशी हीसुद्धा विमानाची सुरक्षाच असते.

रांगेतली तपासणी तरी कितपत पकडते? अमेरिकेत 2015 मध्ये चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रवाशांच्या वेशात जाऊन नकली शस्त्रे आणि स्फोटके लपवून नेऊन पाहिली. 70 पैकी 67 वेळा ती निसटल्याची बातमी फुटली आणि विमानतळांवर तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या प्रभारी प्रमुखाला पदावरून हलवावे लागले. याचे कारण निव्वळ हलगर्जीपणा नाही. जेरेमी वोल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला होता. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती पाहणाऱ्याच्या नजरेतून 7 टक्के वेळा निसटते. तीच शंभरात एकदाच येत असेल, तर 30 टक्के वेळा निसटते. वर्षानुवर्षे शेव, चार्जर आणि औषधांच्या डब्याच पाहणारा डोळा बॉम्ब पाहायचा विसरतो. म्हणून पडद्यावर मधूनमधून शस्त्राचे खोटे चित्र टाकून तपासनीसाला जागे ठेवण्याची सोय यंत्रांत असते. ती वापरणे आणि पडद्यापुढची पाळी छोटी ठेवणे, यातून जे साधेल ते चौथ्यांदा बोर्डिंग पास पाहून साधणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा: 1999 नंतर आपल्याकडे तसे अपहरण झाले नाही, मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? सीआयएसएफने 2000 सालापासून विमानतळांची सुरक्षा हाती घेतली, त्याचे श्रेय त्या दलाला द्यायलाच हवे. पण परिणाम चांगला आला म्हणून त्यातला प्रत्येक सोपस्कार कामाचा ठरत नाही. हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धत आठवून पाहा. शिक्का राहिला तर प्रवासी विमानाच्या दारातून परत पाठवला जाई. एप्रिल 2017 मध्ये दिल्ली, मुंबईसह सात मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला. आभाळ कोसळले नाही. 2024 च्या ऑक्टोबरात खोट्या धमक्यांचा पूर आला आणि मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान दिल्लीत उतरवावे लागले. पुढे प्रत्येक धमकीचे वजन करून पाऊल उचलण्याचे धोरण आले. त्याला कोणी ढिलाई म्हटले नाही.

दुसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: सरसकट सगळ्यांना कशाला, ‘तशा’ दिसणाऱ्यांनाच तपासा. 17 एप्रिल 1986 रोजी हीथ्रोवर इस्रायलच्या एल अल कंपनीने एका गरोदर आयरिश तरुणीला थांबवले. तिच्या बॅगेच्या तळाशी स्फोटके निघाली. ती बॅग तिच्या प्रियकराने दिली होती आणि आत स्फोटके असल्याचे तिला ठाऊकही नव्हते. चेहऱ्यावरून निवड केली असती तर ती सर्वांत आधी सुटली असती. पकडली गेली ती प्रश्नांमुळे आणि बॅग नीट पाहिल्यामुळे. एवढी विचारपूस प्रत्येकाची करणे आपल्या गर्दीत जमणार नाही, हे कबूल. पण चिठ्ठी टाकल्यासारखी कोणाचीही निवड करून थोड्यांची कसून तपासणी करणे नक्की जमेल. त्यात व्हीआयपीही हवेत. तपासणीतून सूट असलेल्या मान्यवरांची यादी हीदेखील कुंपणातली फटच आहे.

तिसरा आक्षेप: अर्धा तास गेला तर काय बिघडले? बिघडते. 2007 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की 2001 नंतरच्या सामान-तपासणीमुळे अमेरिकेत विमानप्रवासी सुमारे 6 टक्क्यांनी घटले. त्यातले बरेच रस्त्याकडे वळले आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा असतो. जुलै 2022 मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि 12 जण गेले, हे इथल्या मराठी घरांना सांगायला नको. एका ठिकाणचा धोका घटवताना तो दुसरीकडे वाढत नाही ना, हा हिशेब सुरक्षेतच धरला पाहिजे.

मग करायचे काय? लॅपटॉप बॅगेतच ठेवता येईल अशी सीटी स्कॅन यंत्रे वर्षाला 50 लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांवर डिसेंबर 2023 पर्यंत यायची होती. ती मुदत बहुतेक ठिकाणी हुकली. इंदूरचे प्रवासी 30 लाखांच्या वर असले, तरी आपण त्या रेषेच्या खालीच होतो. आयर्लंडमधल्या शॅननचा विमानतळ इंदूरहून लहान आहे. तिथे अशी यंत्रे 2021 मध्ये बसली आणि द्रवपदार्थांवरची 100 मिलीची अट उठली. म्हणजे अडचण आकाराची नाही. सप्टेंबर 2024 मध्ये इंदूरला डिजियात्रा आली, पण तिने चेहऱ्यावरून ओळख पटते, बॅगेत काय आहे ते कळत नाही. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने यंत्रांसाठी लहान शहरांची तारीख जाहीर करावी, पासधारक कर्मचाऱ्यांची तपासणी प्रवाशांइतकीच कडक करावी आणि नकली शस्त्रांच्या चाचण्यांचा निकाल, विमानतळांची नावे गाळून का होईना, दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. आपल्या खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा. तोवर प्रवाशांनी जवानाशी हुज्जत घालू नये आणि रांगेत बॉम्बचा विनोद तर चुकूनही करू नये. तक्रार करायची तर ती नियम करणाऱ्यांकडे, लेखी करावी.