हात दुखला नाही?

परवा आमच्या जऊळक्याच्या वर्गात ‘एक अनेक और एकता’ दाखवला. १९७४ सालचा हा सातेक मिनिटांचा चित्रपट विजया मुळे यांचा. चित्रं भीमसैन यांची. मी म्हटलं, “ते दोघं समोर बसलेत समजा. विचारा!”

कधी न बोलणारी एक मुलगी उठली. “चित्रं किती काढली? हात दुखला नाही?”

आली का पंचाईत! भीमसैन २०१८ मध्ये गेले, मुळेबाई २०१९ मध्ये. मग फळ्यावर हिशेब मांडला. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांत १०,०८०! एकेक चित्र दोनदा वापरलं, तरी पाच हजारांवर. हाताचं मात्र मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीच्या कोपऱ्यांत २४ चिमण्या काढून आणल्या. पानं भर्रकन सोडली. चिमणी उडाली, बरं का!

“दुखला का गं हात?”

“थोडा.”