वरच्या छताचं पाणी



वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कार झाले. त्याच हळदीच्या गोदामांवरून उतरलेलं पाणी पावसाळ्यात आमच्या घरात शिरतं, त्याला मात्र अजून कुणी मानांकन दिलेलं नाही.

आमची वस्ती उताराच्या बुडाशी. ही जागा माझ्या आज्यानं निवडली नव्हती. गावाची घाण जिकडं वाहील तिकडं आम्ही, हा नकाशा कुठल्या इंजिनिअरनं काढलेला नाही. तासभर झोडपलं की चूल विझते. माय धान्याचं पोतं अन् पोरांची दप्तरं बाजेवर टाकते. लहानपणी मी आभाळाला शिव्या द्यायचो. मग एका पावसात भिजत वर गेलो, पाणी येतं कुठून ते बघायला. पन्हाळीतून धो धो कोसळत होतं. च्यायला, आभाळ सगळ्यांवर सारखंच पडत होतं. उतार तेवढा एका बाजूचा होता.

हिशेब मांडा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५००० चौरस फुटांचं गोदाम म्हणजे ४६५ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पडला की त्या एका छतावरून २३ हजार लिटर खाली येतं. पाच हजारांचे साडेचार टँकर. आणि उन्हाळ्यात एका टँकरसाठी आमच्या बाया हंडे घेऊन रांगेत!

यावर ठरलेलं उत्तर: गटार मोठं करा. वरचं गटार मोठं झालं की पाणी आमच्या दारात लवकर पोचतं, एवढंच. शोषखड्डा म्हणाल तर आपली काळी माती मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते अन् जुलैत फुगून तोंड मिटून घेते.

महाड आपल्याला पाठ आहे, २० मार्च १९२७. कटक नाही. ८ नोव्हेंबर १९४५ ला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना, बाबासाहेब तिथं ओरिसाच्या पुरांवर बोलले. पुराचं पाणी म्हणजे संकट, ते समुद्राकडं हाकला, असं आधीच्या समित्या म्हणत आलेल्या. बाबासाहेबांनी ते उलटं केलं: माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा टंचाईनं जास्त हाल सोसतो, तेव्हा हे पाणी अडवा, साठवा, कामाला लावा. ते महानदीबद्दल बोलत होते, मी गोदामाच्या पत्र्याबद्दल बोलतोय. प्रश्न तोच.

तेव्हा ज्याचं छत, त्यानंच पाणी धरावं. स्लॅब असेल तर टाकी वर, पण कॉलमच्या डोक्यावर. हजार लिटर म्हणजे एक टन वजन असतं. पत्रा असेल तर पन्हाळीखाली, भिंतीलगत ओट्यावर. आणि इथं एक गोम आहे. वापरासाठी टाकी भरलेली हवी, पूर थोपवायला रिकामी. भरलेल्या टाकीवर दुसरा पाऊस पडला तर सगळं पुन्हा आमच्याच घरात. म्हणून निम्म्या उंचीवर एक बारीक, कायम उघडं भोक ठेवायचं. खालचं निम्मं पाणी नळानं वापरा. वरचं निम्मं रात्रभर हळूहळू जाऊ द्या. टाकीला झाकण हवंच, नाहीतर डासांची वसाहत.

कायदा काय म्हणतो? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर अन् त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पाऊसपाणी साठवणं बंधनकारक आहे. नव्या! जुनी छतं मोकाट. आपली मागणी जुन्या छतांसाठी आहे, मोठ्यापासून सुरुवात करून.

आपण तरी हात बांधून का बसायचं? आपल्या २०० चौरस फुटांच्या पत्र्यावरून त्याच पावसात सव्वानऊशे लिटर येतं, म्हणजे जवळपास पाच ड्रम. पण आपण पाच ड्रम भरले म्हणून त्यांचे २३ हजार थांबत नाहीत, हे कुणी विसरू नये.

मेच्या पहिल्या रविवारी आपण वरच्या अंगाची छतं बाहेरून मोजणार आहोत. लांबी, रुंदी, पन्हाळी किती, पाणी कुठल्या गल्लीत उतरतं, सगळं वहीत. ज्याच्याकडं लांब टेप असेल त्यानं तो आणावा.