डाय छोटी, कलम मोठं

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. पण मिरज, कुपवाड, माधवनगर पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी लेथवर किंवा सीएनसीवर काम करतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या आठवड्यात एमआयडीसीतला एक ओळखीचा वर्कशॉपवाला घरी आला. नाव देत नाही, त्याची काही चूक नाही. त्यानं फोन पुढं केला, "दादा, हे बघा की जरा. जॉब छोटा हाय, रेट तिप्पट देतोय. पण मन लागंना."

व्हॉट्सॲपवर आलेलं ड्रॉइंग होतं. बोटभर लांबीचा पोलादी दंडगोल, बाहेरून आटे, आतून पोकळ. पोकळी खाली रुंद, मग खांदा उतरावा तशी उतरती, वर बारीक मान. हार्डनिंग करून आत आरशासारखं पॉलिश मागितलं होतं. खाली मेसेज, 'दोन रिकाम्या पुंगळ्या कुरिअरनं पाठवतो, त्यावरनं माप घ्या.'

पुंगळ्या शब्द वाचला आणि प्रकार ध्यानात आला. ही काडतूस पुन्हा भरायची डाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोळी झाडली की काडतुसाची पितळी पुंगळी आतल्या दाबानं फुगते. ती डायमध्ये दाबून परत मापात आणायची आणि पुन्हा भरायची, याला परदेशात रीलोडिंग म्हणतात. त्यातही काही हौशी मंडळी कारखान्याच्या पुंगळीची मान बारीक करून किंवा खांदा सरकवून स्वतःचं वेगळंच काडतूस बनवतात. त्याला तिकडं 'वाइल्डकॅट' म्हणजे रानमांजर म्हणतात. कुठल्याच कंपनीच्या यादीत ते नसतं, त्यामुळं त्याची डायही बाजारात मिळत नाही, मुद्दाम करून घ्यावी लागते.

अमेरिकेत हा राजरोस धंदा आहे. पॉइंट ३०-०६ च्या पुंगळीची मान बारीक करून बनवलेलं पॉइंट २५-०६ हे काडतूस तिथं १९२० च्या सुमारापासून हौशी लोक स्वतःच करून वापरत होते, रेमिंग्टन कंपनीनं ते आपल्या यादीत घेतलं १९६९ मध्ये. आरसीबीएस ही डायची नावाजलेली कंपनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शिकारप्रेमी माणसानं छोट्या प्रमाणावर सुरू केली. म्हणजे कामात कमीपणा काहीच नाही. उलट कसब लागतं. आपल्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर सगळा खेळ दोन-चार थाऊंचा. खांदा थोडा पुढं राहिला तर बंदुकीचा बोल्ट बंद होत नाही. जास्त मागं गेला तर पुंगळी ताणून फाटते आणि तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडं येतो. असलं काम करणारे हात आपल्याकडं आहेत, याचा मला अभिमानच आहे.

पण व्हिडिओ अमेरिकेतला आणि वर्कशॉप कुपवाडातलं, इथं घोळ होतो.

आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या दिली आहे. आपल्याला वाटतं दारूगोळा म्हणजे बॉम्ब, गोळ्या, काडतुसं. त्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री हेसुद्धा येतं. कलम ५ म्हणतं, परवान्याशिवाय बनवायचं नाही, विकायचं नाही. ते मोडलं तर कलम २५. त्यातली शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीत वाढली. आधी तीन ते सात वर्षं होती, आता कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड.

आता मुठीत मावणारी डाय ही यंत्रसामग्री होते का, यावर वकील कोर्टात वाद घालतील. घालू देत. पण तो वाद तुम्ही जामीन मागताना घालत असाल आणि वर्कशॉपला कुलूप असेल. बँकेचा हप्ता त्या महिन्यातही येणारच. "मला काय माहीत, मी तर पोलादाचा तुकडा केला," हे सांगताना टेबलावर नमुन्याच्या पुंगळ्या पडलेल्या असतील तर ऐकणार कोण?

मी त्याला विचारलं, गिऱ्हाईक कोण म्हणतंय? "नेमबाज हाय म्हणतोय. स्पर्धेसाठी पाहिजे म्हणं."

इथं मात्र थोडं थांबा. नेमबाजी म्हटलं की आपल्या भागात छाती फुगते आणि ती फुगलीच पाहिजे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं. पण हे दोघं ज्या ५० मीटर रायफल प्रकारात जिंकले, त्यात पॉइंट २२ चं रिमफायर काडतूस वापरतात. ते एकदा वाजलं की संपलं, पुन्हा भरायची सोय त्यात नाही. १० मीटरला तर छऱ्याची एअर रायफल असते. मोठ्या बोअरचे प्रकार आहेत, नाही असं नाही, पण त्यातला खरा खेळाडू आधी स्वतःचा परवाना दाखवेल, असोसिएशनचं पत्र दाखवेल. अनोळखी नंबरवरून ड्रॉइंग पाठवून तिप्पट रेट देणार नाही. देशी कट्ट्यांच्या बातम्या आम्ही पत्रकार दर महिन्याला छापतो. काडतूस कुठून आलं, हा प्रश्न त्या बातमीत बहुतेक वेळा अर्धाच राहतो.

बेकारीत मिळेल तो जॉब घ्यावा लागतो, हे मला कळतं. मंदीत लेथ उभा ठेवणं सोपं नसतं. ज्याला याच जातीच्या कामाची आवड आहे, त्याला सरळ रस्ता आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना आहे. दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे. पुरवठादार म्हणून नोंदणी करा, टेंडर भरा. कागद जास्त, पैसे उशिरा, मान्य. पण रात्री झोप लागते.

आणि हत्यारातलं कसब दुसरीकडं वळवणं मिरजेला नवीन आहे का? सतारमेकर गल्लीतली मंडळी मूळची शिकलगार. तलवारींना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे हात. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी त्याच हातांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

तक्रार माझी सरकारकडंही आहे. गणपती आले की पोलीस डॉल्बीवाल्यांची बैठक घेतात, नोटिसा देतात. तशी एक बैठक मशीन शॉपवाल्यांची का होत नाही? आयटीआयमध्ये पोराला मायक्रोमीटर धरायला शिकवतात, पण कुठला जॉब हातात घ्यायचा नाही हे कुणी सांगत नाही. कायदा इंग्रजीत, शिक्षा जन्मठेपेपर्यंत आणि ज्याला लागू होतो तो दोन लेथांचा मालक. उद्योजक संघटनांनी शस्त्र कायद्यातली ही तीन कलमं मराठीत एका पानावर छापून प्रत्येक शॉपच्या भिंतीवर लावावीत. खर्च किती येईल, शंभर-दोनशे रुपये?

तोवर माझं सांगणं एवढंच. बाटलीसारख्या आकाराची पोकळी, बाहेर आटे आणि सोबत पितळी पुंगळी, असा जॉब आला तर परवान्याची प्रत मागा. कुरिअर आलंच तर फोडू नका. मेसेज डिलीट करू नका, ड्रॉइंगसकट पोलीस ठाण्यात दाखवा. एकट्यानं जायला भीती वाटत असेल तर मला फोन करा, मी सोबत येतो.

आमच्या वर्कशॉपवाल्यानं माझ्यासमोरच गिऱ्हाइकाला लिहिलं, 'परवान्याची झेरॉक्स पाठवा, मग बोलू.' दोन निळ्या टिका आल्या. दहा मिनिटांत त्या माणसाचा डीपी गायब झाला. संध्याकाळी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जाऊन आलो.