संगणकाची टिपणवही

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास प्रयोगवही ठेवल्यावांचून गत्यंतर नसतें. परंतु तोच विद्यार्थी संगणकाच्या तासाला रिकाम्या हातानें येतो व रिकाम्या हातानें जातो. पडद्यावर आज्ञावली चालली म्हणजे विद्या आली, अशी त्याची समजूत असते; आणि पुष्कळ पालकांचीहि तीच असते, असें खेदानें म्हणावें लागतें. संगणकाच्या विद्यार्थ्यासहि टिपणवही सक्तीची असावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

वेब नांवाच्या ज्या जाळ्याचें आज एवढें कौतुक होतें, त्याचा जन्मच मुळीं टिपणांच्या अडचणींतून झाला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जिनीव्हा शहरानजीक सर्न ही परमाणूंच्या अंतरंगाचा शोध घेणारी मोठी संस्था आहे. तेथें येणारे पुष्कळ संशोधक सुमारें दोन वर्षें राहून परत जात. आणि अमुक यंत्र असें कां जोडलें, अमुक आज्ञावली कोणीं व कशासाठीं लिहिली, ही माहितीहि त्यांच्याबरोबर निघून जाई. टिम बर्नर्स-ली हा इंग्रज संगणकज्ञ १९८० सालीं तेथें काम करीत असतां त्यानें स्वतःच्या सोयीसाठीं 'एन्क्वायर' नांवाची आज्ञावली रचिली. माणसें, यंत्रें व आज्ञावल्या यांचे परस्परसंबंध तींत टिपून ठेवितां येत. पुढें मार्च १९८९ मध्यें त्यानें सर्व संस्थेकरितां तशाच धर्तीचा, परंतु पुष्कळ व्यापक असा लेखी प्रस्ताव सादर केला. त्याचे वरिष्ठ माईक सेंडल यांनीं त्यावर 'अस्पष्ट, परंतु चित्तवेधक' अशा अर्थाचा शेरा मारिला. असे शेरे आम्ही शिक्षकहि मारितों. फरक एवढाच कीं, सेंडलसाहेबांनीं पुढें काम चालूं दिलें! ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या सर्व जगास विनामूल्य खुली केली.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका विद्यार्थ्यानें शाळेच्या ग्रंथालयाची यादी दाखविणारें वेबपान रचिलें. आपल्या वर्णमालेंत क्ष आणि ज्ञ शेवटीं येतात. परंतु संगणक त्यांस साधीं जोडाक्षरें समजतो. म्हणून १८४२ सालीं अहमदनगरास निघालेला 'ज्ञानोदय' तो ज च्या रांगेंत नेऊन बसवितो. हा क्रम सुधारण्यासाठीं विद्यार्थ्यानें चार ओळी जादा घातल्या, पण कारण कोठेंच लिहून ठेविलें नाहीं. पुढच्या वर्षीं दुसरा विद्यार्थी तेंच पान नव्या तंत्रानें रचूं लागला. त्या ओळी त्यास निरुपयोगी वाटल्या. त्यानें त्या काढून टाकिल्या, आणि 'ज्ञानोदय' पुन्हां ज मध्यें गेला. 'गिट' या २००५ सालीं निघालेल्या साधनांत प्रत्येक बदलाची नोंद राहते खरी. परंतु त्यामागील कारणाची ओळ माणसानेंच लिहावी लागते, आणि तींच नेमकी आळसाची जागा असते.

पालक विचारितात, "मुलाला अगदीं नवें तंत्र कोणतें शिकवावें?" नवें अवश्य शिकवावें. मात्र 'फ्लॅश' हेंहि एके काळीं नवेंच होतें. हलत्या चित्रांचे किती तरी पाठ व खेळ त्यांत रचिले गेले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं अ‍ॅडोबी कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला. ज्यानें आपला पाठ कसा व कां रचिला हें टिपून ठेविलें होतें, त्यास तो दुसऱ्या तंत्रांत उतरवितां आला असेल. इतरांस तेंहि कठीणच.

आतां तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणांत आज्ञावली लिहून मिळते. त्यामुळें वहीची गरज संपली, असें कोणी म्हणेल. मला तर ती वाढलेली दिसते; कारण चालणारी आज्ञावली हातीं असून तिच्यांतील एकहि ओळ समजावून न सांगतां येणारा विद्यार्थी आतां जागोजागीं भेटूं लागला आहे.

चुका लिहिण्याची लाज मुलांस फार वाटते. त्यांनीं डोनल्ड कनूथ या अमेरिकन पंडिताकडे पाहावें. 'टेक' ही मुद्रणाची आज्ञावली रचितांना झालेल्या शेंकडों चुकांची यादी त्यांनीं १९७८ सालापासून ठेविली, आणि १९८९ मध्यें ती प्रकारवार लावून स्वतःच प्रसिद्ध केली.

वही साधी, रेघांची, शंभर पानी असली तरी पुरे. तारीख, काय करावयाचें होतें, काय करून पाहिलें, काय कां सोडलें, नवी युक्ति कोठून मिळाली, इतकें तींत असावें. गुण सुवाच्य अक्षरास न देतां कारणांस द्यावे. पान फाडूं नये. आणि खोडलेलें असेल तें वाचतां येईल असें एकाच रेघेनें खोडावें.