डाव संपल्यानंतरची टीका

हॉलंडमध्ये उत्तर समुद्राच्या काठी वाइक आन झे नावाचे एक लहानसे गाव आहे. दर वर्षी जानेवारीत तेथे बुद्धिबळाची एक मोठी स्पर्धा भरते. १९३८ साली शेजारच्या बेव्हरवाइकमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९६८ मध्ये या गावी आली. तिला आश्रय देणारा जवळचा पोलाद कारखाना २००७ साली टाटांकडे आला आणि २०११ पासून स्पर्धेलाही टाटा स्टीलचे नाव लागले. विश्वनाथन आनंद यांनी ती पाच वेळा जिंकली, त्यांतली काही विजेतेपदे विभागून. आपल्याकडील वृत्तपत्रांतली बातमी साधारणतः एवढ्यावर थांबते. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असे जे काही तेथे घडते, ते मात्र या बातमीच्या बाहेर राहते, असे आम्हांस वाटते.

ज्या सभागृहात ग्रँडमास्टर खेळतात, त्याच सभागृहात शेकडो हौशी खेळाडूही खेळत असतात. हे कुठल्या ना कुठल्या गावच्या क्लबातले, नोकरीधंद्यातून रजा काढून आलेले, काही तर परदेशांतून आलेले लोक. जवळपास सारख्या मानांकनाच्या दहा-दहा जणांचे गट केलेले असतात आणि नऊ फेऱ्यांत प्रत्येक जण उरलेल्या नऊ जणांशी खेळतो. डाव संपला की हस्तांदोलन होते, निकाल नोंदवला जातो, आणि पुष्कळदा ते दोघे प्रतिस्पर्धी उठून दुसरीकडे एका रिकाम्या पटाशी जाऊन बसतात. इतरांचे डाव चालू असल्याने सभागृहात बोलता येत नाही. मग चालींची नोंद केलेला कागद समोर ठेवून तोच डाव पहिल्यापासून पुन्हा मांडला जातो. इंग्रजीत याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. आम्हांला हा शब्द पटत नाही, कारण या वेळी डाव मेलेला नसतो.

मराठीत यासाठी एक जुना, चांगला शब्द आहे : टीका. आज ‘टीका केली’ म्हटले की दोष काढले असाच अर्थ होतो. पण ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो, तेव्हा तो शब्द दोषदर्शनाचा नसतो. संहितेच्या शेजारी बसून तिचा अर्थ उलगडण्याचा असतो. पटाशी बसलेले ते दोघे करतात ती या जुन्या अर्थाची टीका होय.

या संहितेचे वैशिष्ट्य असे की तिला दोन लेखक असतात आणि त्यांचे हेतू परस्परविरोधी असतात. एक म्हणतो, ‘येथे मी प्यादे मारले नाही, कारण माझ्या राजावर हल्ला येईल अशी भीती वाटली.’ दुसरा म्हणतो, ‘मला तर तो हल्ला दिसलाच नव्हता, मी माझा घोडा कसा वाचवावा या विवंचनेत होतो.’ कागदावर एका क्षणी एक साधी चाल लिहिलेली असते. तिच्यामागे एकाची निराधार भीती आणि दुसऱ्याची वेगळीच चिंता होती, हे दोघे बोलल्याखेरीज कोणालाच कळले नसते. दोघांना समान भाषा येत असेलच असेही नाही. ज्याला आपण उंट म्हणतो त्याला डच खेळाडू ‘धावणारा’ म्हणतो, इंग्रज धर्मगुरू म्हणतो, फ्रेंच चक्क विदूषक म्हणतो. सोंगटीवर बोट ठेवले की काम भागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आज खिशातल्या फोनवरचे बुद्धिबळाचे इंजिन जगज्जेत्याहूनही बलवान आहे. ते क्षणार्धात सांगते की प्यादे मारायला हवे होते. मग दोन सामान्य खेळाडूंनी तासभर चुकतमाकत चर्चा करण्यात अर्थ काय? त्यांचे निष्कर्ष अनेकदा चुकीचे असतात, हेही खरे. पण इंजिन एक आकडा देते. तो स्थितीविषयी असतो, खेळाडूविषयी नसतो. ती भीती कोठून आली, तशाच स्थितीत ती पुन्हा येईल काय, हे त्या आकड्यात नसते. इंजिन पाहावे, अवश्य पाहावे. पण बोलणे झाल्यावर. आधी पाहिले तर बोलायला काही उरत नाही, कारण मग कोणीही आपले खरे कारण सांगत नाही. बरोबर उत्तर ठाऊक झालेला माणूस आपली भीती लपवतो.

नेमके हेच आमच्या वर्गांत घडते आहे. कविता वाचण्याआधीच विद्यार्थ्याच्या हाती मार्गदर्शकातला निष्कर्ष असतो आणि आता तर यंत्राने लिहून दिलेले रसग्रहणही असते. ते बरेचदा बरोबरही असते. मात्र ‘ही ओळ तुला का खटकली?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. दुसरीकडे आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकेवर आकडा लिहितो आणि गठ्ठा बांधून परत पाठवतो. ज्याने ते उत्तर लिहिले, त्याच्यासोबत ते पुन्हा वाचायला आम्ही बसत नाही. चर्चासत्रांत निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि प्रश्नांसाठी राखलेला वेळ चहात जातो.

हौशी खेळाडूंचा हा शिष्टाचार आपोआप आलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. तेथेही हरलेला कधी रागाने निघून जातो आणि जिंकलेला कधी प्रवचन देतो. तरीही ही प्रथा टिकते, याचे एक कारण गटाच्या रचनेत असावे. दहाही जण साधारण समान ताकदीचे असतात, त्यामुळे कोणी कोणाचा गुरू नसतो. आणि आजचा प्रतिस्पर्धी स्पर्धा संपेपर्यंत रोज भेटणार असतो. आपल्या महाविद्यालयांत असे दहा जणांचे गट करणे अशक्य नाही. एक कविता, दोन विद्यार्थ्यांची दोन परस्परविरोधी वाचने, आणि तासभर केवळ ‘मला असे का वाटले’ याची तपासणी; निष्कर्ष आणि गुण त्यानंतर. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत हा तास काढणे कठीण आहे, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. परंतु तो तास नसेल, तर उरलेल्या तासांत आपण जे शिकवतो त्याला समीक्षा म्हणावे काय, याचा विचार सहकाऱ्यांनी करावा.