बाटलीवरचे संत्रे आणि बालाघाटातले सीताफळ

१/
महाराष्ट्रात देशी दारूच्या दुकानात ‘संत्रा’ मागितला की बाटली पुढे येते. बाटलीत संत्रे नसते. उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क, पाणी आणि वरून घातलेली चव, एवढाच तिचा ऐवज. याच राज्यात एखाद्याने स्वतःच्या बागेतल्या फळांची घरी दारू गाळली, तर तो गुन्हेगार ठरतो. फळाच्या नावाला परवाना आहे, फळाला नाही. हे असे का झाले, याचा शोध बीड जिल्ह्यातून घेतला तर उत्तर लवकर सापडते. #धागा

२/
आधी शब्दांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे, कारण समाजमाध्यमांवरील ‘आपल्या पूर्वजांची फळांची दारू’ या थाटाच्या बहुतेक मजकुरांत तीन वेगळ्या क्रिया एकत्र कालवलेल्या असतात. आंबवणे म्हणजे आसव-अरिष्टांची वाट: फळ किंवा औषधी, गूळ, धायटीची फुले आणि झाकून ठेवलेले भांडे. गाळणे म्हणजे भट्टी, वाफ आणि थेंब थेंब उतरणारा अर्क. मुरवणे म्हणजे तयार मद्यात फळ घालून त्याचा स्वाद उतरवणे. द्राक्षासव हे पहिल्या प्रकारातले, गोव्याची फेणी दुसऱ्या प्रकारातली. ‘संत्रा’ तिसऱ्या प्रकारातला असल्याचे सोंग आणतो.

३/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आंब्याच्या रसाची सहकारसुरा आहे, द्राक्षरसाचे मधु आहे आणि फळांपासूनचे आंबट पेयही आहे. सुराध्यक्षाच्या व्यवस्थेबाहेर दारू करणाऱ्या, विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्यालाही ६०० पण दंड. इतके कठोर शासन असूनही कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक आहे. उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूट आहे. जे राजाचा माल विकत नाहीत, त्यांनी शेकडा पाच शुल्क भरावे, अशीही तरतूद आहे.

म्हणजे मक्तेदारीची कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही; ती फार जुनी आहे. फरक इतकाच, की त्या मक्तेदारीने घराच्या उंबरठ्याशी थांबण्याचे भान ठेवले होते. निदान ग्रंथात तरी.

४/
कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेत आजचा बीड-अंबाजोगाईचा परिसर होता. त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (इ. स. ११२९च्या सुमाराचा ग्रंथ) मद्यपानाचे वर्णन राजाच्या क्रीडांमध्ये येते. त्यावरून ‘बीडची प्राचीन सीताफळ-मदिरा’ शोधायला निघणाऱ्यांनी मात्र थांबावे. सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. पोर्तुगीजांबरोबर ते सोळाव्या शतकात इकडे आले, असे सामान्यतः मानले जाते. नावात सीता असली म्हणून फळ रामायणकाळाचे ठरत नाही.

५/
बीडची खरी कथा निजामाच्या अबकारीपासून सुरू होते. हैदराबाद संस्थानात शिंदी, ताडी आणि मोहाची दारू यांवरील महसूल हा खजिन्याचा मोठा आधार होता. विक्रीचे हक्क लिलावाने दिले जात आणि ते घेणारा तो गुत्तेदार. मराठवाड्यात आज रस्त्याचे काम घेणाऱ्यालाही ‘गुत्तेदार’च म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात तो ‘कंत्राटदार’ होतो. अबकारीने भाषेवर उमटवलेला हा शिक्का पुसला गेलेला नाही.

गुत्ता आला की घरचे मडके चोरटे ठरते. शेजाऱ्याने घरी गाळलेली दारू म्हणजे गुत्तेदाराचे नुकसान, आणि गुत्तेदाराचे नुकसान म्हणजे सरकारचे. नीतीचा प्रश्न तेथे कोणाच्या मनातही नव्हता.

६/
म्हणूनच १९४७-४८च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. आजच्या वाचकाला हा दारूबंदीचा कार्यक्रम वाटेल. त्यात गांधीवादी आशय होताच. पण घाव निजामाच्या तिजोरीवर होता. झाड तुटले की महसूल तुटला. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ काही वर्षे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यामुळे बीडला हा इतिहास परका नाही. शिंदीचे एक झाड म्हणजे एक करदाता, हे गणित ज्याला उमगले त्याला मद्याचा अर्धा इतिहास उमगला.

७/
सीमेपलीकडे, मुंबई इलाख्यात, चित्र निराळे नव्हते. १८७८च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या लहान भट्ट्यांची जागा मोठ्या कारखान्यांनी घेतली. १८९२च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावरच निर्बंध आणले: फूल जंगलात, झाड अंगणात, आणि फूल वेचणारा संशयित.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बीड १९५६मध्ये मुंबई राज्यात सामील झाले आणि पुढे हाच कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१च्या बलसारा खटल्यात औषधी द्रव्यांतील मद्यार्कावरची बंदी रद्द केली होती. त्यामुळे पाच ते दहा टक्के मद्यार्क असलेले द्राक्षारिष्ट आज औषधांच्या दुकानात मिळते आणि आजी ते चमच्याने पितात. कौटिल्याची एक सवलत तेवढी टिकली.

८/
‘संत्रा’ हे नाव आले कोठून? दारूबंदीच्या काळात मुंबईतील चोरट्या गुत्त्यांवर नारंगी आणि मोसंबी या नावांनी दारू विकली जाई. भट्टीत गुळाबरोबर फळे, साली, बहुधा बाजारात टाकून दिलेला माल जाई, आणि त्यावरून ही नावे पडली. पुढे सरकारने बंदी सैल केली आणि १९७३च्या नियमांनी देशी मद्याला कायदेशीर चौकट दिली. नव्या मालाने बाजारात आधीच रुळलेली नावे तशीच उचलली. चोरट्या भट्टीचे नाव कारखान्याला मिळाले; भट्टी चोरटीच राहिली.

९/
हा माल मळीचा. येथे बीडचे वर्तुळ पूर्ण होते, आणि ते सुखद नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तोडलेल्या उसाची साखर होते, साखरेनंतर मळी उरते, मळीचा मद्यार्क होतो, आणि तो मद्यार्क ‘संत्रा’ होऊन त्याच गावांत परततो. उचलीतले पैसे त्यावर खर्च होतात.

त्याच आश्विनात धारूर, पाटोदा, आष्टीच्या डोंगरांत सीताफळ पिकते. त्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. ज्याला शीतगृह किंवा गर काढण्याचे यंत्र परवडत नाही, त्याने पडेल त्या भावाने विकावे किंवा गुरांपुढे टाकावे.

१०/
गोव्याकडे पाहिले की प्रश्न अधिक टोचतो. काजूही अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेले झाड. म्हणजे फेणी सोळाव्या शतकापेक्षा जुनी असूच शकत नाही. तरीही तिला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६मध्ये गोव्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. ‘परंपरा’ प्राचीनतेने सिद्ध झाली नाही. लहान भट्टीवाल्याला कायद्याने जगू दिले, म्हणून ती उभी राहिली. दोन फळे जवळपास एकाच वाटेने आली; एकाच्या नशिबी भट्टी आली, दुसऱ्याच्या नशिबी उकिरडा.

११/
यावर ‘मग घरोघरी भट्ट्या लागू द्या’ असा निष्कर्ष काढणे मात्र बेजबाबदारपणाचे आहे. मराठी माणूस ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचे कौतुक करतो, त्या सुरुवातीच्या थेंबांत ॲसिटाल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्ये अधिक असतात. जाणते भट्टीवाले ते थेंब टाकून देतात. २०१५मध्ये मालवणीत शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलमुळे. फळाने ती मेली नाहीत, विक्रेत्यांच्या लोभाने मेली. पण जेथे तपासणी नाही तेथे लोभाला अडवणारे कोणी नसते.

आणि गावातल्या बायका? मतदान करून दुकान बंद पाडण्याचा, ‘आडवी बाटली’चा, अधिकार त्यांनी चळवळीने मिळवला आहे. वारशाचा गजर करणाऱ्या तरुण इतिहासप्रेमींनी हा वारसाही मोजला पाहिजे. नवऱ्याची मजुरी ज्या घरात बाटलीत जाते, तेथे मानसोल्लासाचा दाखला कोणाच्याही कामाचा नाही.

१२/
म्हणून मागणी मर्यादित असावी. गाळण्याची नव्हे, आंबवण्याची परवानगी. एकट्या घराला नव्हे, तर फळउत्पादकांच्या संस्थांना आणि तयार असतील तेथे महिलांच्या गटांना. कमी मद्यार्काच्या फळ-मद्यासाठी, परवडणाऱ्या शुल्कात आणि तपासणीखाली. आडवी बाटली झालेल्या गावाचा निर्णय अर्थातच अंतिम.

२०२२मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांसारख्या फळाफुलांपासूनच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ दर्जा देण्याचे ठरवले. मोहाची दारू विदेशी आणि मळीचा ‘संत्रा’ देशी! शब्दांची ही थट्टा बाजूला ठेवली तरी खरा प्रश्न उरतो: त्या दर्जाचा लाभ फूल वेचणाऱ्याला होणार, की परवाना परवडणाऱ्या कारखान्याला? गुत्त्याचा इतिहास दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवतो.

१३/
ज्यांना हे पडताळायचे असेल, त्यांच्यासाठी एक सूचना. संस्थानी कारभाराची बरीचशी दप्तरे हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील मोठा भाग फारसी-उर्दूत आहे. मराठवाड्याच्या खेड्यातली मडकी कोणी, कधी आणि कोणाच्या तक्रारीवरून फोडली, हे शोधायचे तर उर्दूची लिपी शिकावी लागेल. साधारण तीन महिने पुरतात.